धुण्याची यादी आणि खरे कारस्थान

मुलीच्या हातात कादंबरी दिसली की एखादी चाची विचारतेच, "यातून काय शिकणार?" या महिन्यात आम्ही अशाच एका हलक्याफुलक्या प्रेमकथेकडे वळलो आहोत: इंग्रज लेखिका जेन ऑस्टिन यांची 'नॉर्थँगर ॲबी'.

राजा आजारी आणि युवराज कारभार पाहतोय, असा इंग्लंडमधला १८११ ते १८२० चा काळ रीजन्सी म्हणून ओळखला जातो. हे पुस्तक एका प्रकाशकाने १८०३ साली दहा पौंडांना घेतले आणि छापलेच नाही. १८१६ मध्ये ते तेवढ्याच पैशांत परत मिळवावे लागले. वाचकांपर्यंत पोहोचले १८१७ च्या डिसेंबरात, लेखिकेच्या निधनानंतर.

सतरा वर्षांची कॅथरीन ही पाद्र्याची मुलगी, दहा भावंडांतली एक. भयकथा वाचून डोके भरलेले. बाथ शहरात तिला हेन्री टिल्नी आवडतो. त्याचे वडील जनरल टिल्नी तिला मोठ्या आग्रहाने आपल्या जुन्या वाड्यावर नेतात. वादळी रात्री ती कपाट उघडते, आत कागदांची गुंडाळी सापडते आणि नेमकी मेणबत्ती विझते! सकाळी पाहते तर धुण्याच्या कपड्यांची यादी. तरी शंका सुटत नाही. जनरलनेच बायकोचा जीव घेतला असावा, इथवर तिची मजल जाते. हेन्रीला हे कळते, तेव्हा ती शरमेने रडते.

कारस्थान होतेच, पण कपाटात नव्हते. थॉर्प नावाच्या बढाईखोर तरुणाने जनरलला सांगितले होते की मुलगी फार श्रीमंत आहे. म्हणून तो आग्रह! पुढे त्यानेच चिडून सांगितले की ती कंगाल आहे. जनरलने तिला भल्या सकाळी एकटीला, सोबत नोकरही न देता, सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढले. वाटखर्च दिला हेन्रीच्या बहिणीने.

दोन्ही बातम्या खोट्या होत्या आणि दोन्ही एकाच तोंडच्या. जनरलने कोणतीच पडताळली नाही.

आपल्याकडेही रिश्त्याच्या वेळी "असं ऐकलंय" एवढ्यावर किती मुली नाकारल्या जातात! बदगुमानी कॅथरीननेही केली, पण चूक कळताच ती खजील झाली. जनरलच्या हाती घराची सत्ता होती, म्हणून त्याच्या बदगुमानीची किंमत दुसऱ्याच्या मुलीने मोजली.

हेन्रीने मात्र वडिलांचा रोष पत्करून तिच्या घरी जाऊन मागणी घातली. तिच्या आईवडिलांनी जनरलची संमती येईपर्यंत लग्न थांबवले, आणि शेवटी ती आलीही.

तेव्हा चाचीजान, मुलींना हे पुस्तक खुशाल वाचू द्या. मात्र रिश्ता ठरवायला बसण्याआधी आपण वडीलधाऱ्यांनीही ते एकदा वाचावे.