न दिसणारे दुखणे

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. तिथे महादेवाचे ठाणे आहे, दर्गाही आहे. समजा, तुम्ही पाच-सहा जण त्या यात्रेला निघालात आणि चढणीवर तुमच्यातला एक जण मटकन खाली बसला. "पाय दुखतात," म्हणाला. पायाला ना जखम, ना खरचटलेले. तुम्ही काय म्हणाल? "नाटक करतोस!" असेच ना?

या 'नाटक' शब्दावर माझा राग आहे. पूर्व विदर्भात बऱ्याच कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्याचे दुखणे असेच असते. वरून काहीच दिसत नाही.

मग आत काय घडते? आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओवलेली असतात. या आजारात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बस्स, एवढाच फरक! पण प्राणवायू सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर बनतात आणि मऊ, गोल पेशी ताठ होऊन धान कापायच्या विळ्यासारखी वाकते. हे विळे केशवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळेनासा होतो आणि हाडे ठणकू लागतात. दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले. तेव्हा या दुखण्याला रेणूइतका पक्का पुरावा आहे. तरीही वर्गात त्याला साक्षीदार मागितला जातो!

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच तो होतो. एकाकडूनच आले, तर मूल वाहक असते आणि त्याला सहसा त्रास होत नाही.

शिक्षकांनाही एक सांगावेसे वाटते. शरीरात पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, फार दमणूक झाली, की दुखणे उसळते. म्हणून या मुलाला तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी. पाणी जास्त प्यायल्यावर लघवीलाही जावे लागणारच. त्यासाठी डोळे वटारू नयेत. ताप आला किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र तत्काळ दवाखाना गाठावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आणि ते शंभर टक्के हजेरीचे बक्षीस! आठवडाभर कळा सोसून परत आलेल्या मुलाने त्या टाळ्या कशा ऐकाव्यात?

दुसरी चूक मायेची असते. "तू घरीच थांब, तुला झेपणार नाही." हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने कळांचे झटके कमी होतात, पण बहुतेकांना हा आजार जन्मभर सांभाळावा लागतो. दुखणे संपल्यावर जगू, असे म्हणून चालणार कसे? नाटकात काम, सहल, विज्ञान प्रदर्शन यांतले काय झेपेल, हे त्यालाच ठरवू द्या.

यात्रेला जाताना त्याला विचारा. उन्हाआधी निघा, पाणी बरोबर घ्या, वाटेत सावली दिसली की सगळेच बसा. तो म्हणाला, "मी इथेच थांबतो", तर एकाने त्याच्याजवळ थांबावे. गप्पा काय, पायथ्याशीही रंगतात.