शिकाऊ चालक, सोबतचा शिक्षक आणि शेतकऱ्याचा ट्रॅक्टर

भाताची कापणी व झोडणी उरकली म्हणजे आपल्या बेलवली-बदलापुराकडील खाचरें कांहीं काळ मोकळीं पडतात, आणि याच दिवसांत घरोघरचे तरुण ट्रॅक्टर चालवावयास शिकतात. पूर्वीं मुलास नांगर धरावयास शिकविणारा बाप त्याच्या मागून चाले. आतां तो मडगार्डावर बसतो. परंतु नांगर शिकावयास सरकारी परवाना लागत नसे, आणि ट्रॅक्टर रस्त्यावर काढावयाचा तर तो लागतो. हा परवाना मिळण्यापूर्वीं शिक्षकाच्या देखरेखीखालीं सराव करण्याची जी अट आहे, ती शेतकऱ्याच्या दृष्टीनें न्याय्य आहे कीं नाहीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वयें सार्वजनिक जागीं परवान्यावांचून कोणासहि वाहन चालवितां येत नाहीं. शिकणाऱ्यास यांतून सूट मिळते ती १९८९ च्या केंद्रीय नियमांतील तिसऱ्या नियमानें, आणि तीहि तीन अटींवर. त्याच्याजवळ शिकाऊ परवाना असावा; पक्का परवाना असलेला शिक्षक बरोबर असावा, व तो वाहन आवरूं किंवा थांबवूं शकेल अशा जागीं बसलेला असावा; आणि वाहनाच्या पुढें व मागें पांढऱ्या चौकोनांत तांबडें ‘एल्’ अक्षर असावें. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते, आणि तो मिळून तीस दिवस झाल्यावांचून पक्क्या परवान्याच्या परीक्षेस बसतां येत नाहीं.

या अटींचा हेतु वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. आपल्या शेतांच्या कडेनें जे रस्ते गेले आहेत त्यांवर आतां शाळेचीं मुलें, स्टेशनाकडे धांवणारे नोकरदार व मालाच्या गाड्या यांची एकच दाटी असते. नवशिक्याची चूक अशा ठिकाणीं त्याच्या एकट्याच्या अंगावर पडत नाहीं. सबब अट काढून टाका असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ही अट दिवस मोजते, सराव मोजीत नाहीं. आणि ट्रॅक्टरच्या बाबतींत तर ती प्रामाणिकपणें पाळतांच येत नाहीं.

ट्रॅक्टरास बैठक एकच. मग शिक्षकानें बसावें कोठें? मडगार्डावर बसला तर त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोहोंचत नाहीं, आणि चाक एखाद्या खड्ड्यांत आदळलें तर तोच घसरून मागील चाकाखालीं जाण्याचें भय. शिवाय रस्त्यावरील वाहतुकीच्या १९८९ च्या नियमावलींत ट्रॅक्टरवर चालकानें दुसऱ्या कोणासहि बसवूं नये असें स्पष्ट लिहिलें होतें. म्हणजे एक नियम सांगे कीं शिक्षक बरोबर घ्या, आणि दुसरा सांगे कीं कोणासहि घेऊं नका. २०१७ सालीं त्या नियमावलीच्या जागीं दुसरी आली; पण ट्रॅक्टरची बैठक होती तशीच एक राहिली.

याहून मोठा अन्याय पुढेंच आहे. तिसरें कलम सार्वजनिक जागेपुरतें असल्यामुळें स्वतःच्या कुंपणाआंतील शेतांत ट्रॅक्टर चालविण्यास परवाना लागत नाहीं. पण त्याच कारणानें तेथील सरावाची नोंदहि कोठें होत नाहीं. उलट, हलक्या मोटारीच्या कायदेशीर व्याख्येंत ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाचा ट्रॅक्टरहि येतो, आणि हलक्या मोटारीचा परवाना त्या मर्यादेंतील वाहनांस चालतो असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं दिला व ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें कायम केला. अर्थात् ज्यानें ट्रॅक्टरचें चाक कधीं हातीं धरलें नाहीं, पण मोटारीचा परवाना काढला, तो कायद्यानें ट्रॅक्टरास लायक; आणि ज्यानें तीन पावसाळे चिखलणी केली तो नालायक!

मोटार शिकविणाऱ्या वर्गांस नियमानें निदान एकवीस दिवसांत प्रत्यक्ष चालविण्याचे दहा तास द्यावे लागतात, व त्यांच्या गाडीस शिक्षकाकडील बाजूसहि ब्रेक असतो. हें ठीक आहे. पण आमच्याच घरांतील एका मुलास अशा एका वर्गांत रोज जेमतेम दहा मिनिटें चाक मिळालें, आणि वहींत मात्र तास पुरे भरले. घरीं शिकणाऱ्यास तर तासांचें बंधनच नाहीं. महिनाभर गाडी दारांत उभी ठेवली तरी अट पुरी होते. आणि ज्या घरीं परवानाधारक माणूसच नाहीं, उदाहरणार्थ एखाद्या विधवा भगिनीचें घर, तिनें शेजारीं कोणास बसवावयाचें? तिला वर्गाची फी भरण्यावांचून गति नाहीं. एकंदरींत ही अट सधनास हलकी, निर्धनास जड, व बेफिकिरास फुकट आहे.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स प्रांतांत पंचवीस वर्षांखालील नवशिक्यास २००७ पासून १२० तास सराव करावा लागतो, व त्यांतील २० तास रात्रीचे असतात. प्रत्येक फेरी वहींत लिहून सोबतच्या माणसानें सही करावयाची. ज्यांच्या घरीं गाडी नाहीं त्यांस हें जड जातें हें खरें. परंतु तेथें शिक्षकाकडील एक तास तीन तासांबरोबर धरण्याची सवलत ठेवली आहे, अर्थात् मर्यादेपुरती. इतके तास आपल्याकडे मागावे असें नाहीं. पण तास मोजावे, व न परवडणाऱ्यास वाट ठेवावी, हें तत्त्व घेण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणेल कीं आमचे लोक खोटे तास लिहितील. ज्याचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें त्यास खोट्या नोंदी ठाऊक नाहींत असें नाहीं. तथापि २०२१ पासून राज्य सरकारनें पिकाची नोंद शेतकऱ्याच्याच हातीं दिली आहे. शेतांत भात आहे कीं वाल, हें सांगण्यास जो विश्वासपात्र, तो मुलानें किती तास ट्रॅक्टर चालविला हें सांगण्यास अविश्वासू कां? शिवाय सही करणाऱ्यावर जबाबदारी राहील, आणि शेवटीं परीक्षा आहेच.

हा प्रश्न केवळ मुलांचा नाहीं, ट्रॅक्टर ज्याच्या नांवावर आहे त्या प्रत्येकाचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्यावांचून चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपयांपर्यंत गेला. चालविणारा अज्ञान असून अपराध घडला, तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. आणि विनापरवाना चालकाच्या हातून कोणी दगावल्यास विमा कंपनीनें भरलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम होऊं शकतो. पिढ्यान्पिढ्या राखलेली जमीन अशा एका संध्याकाळीं जावी, याहून मोठें नुकसान कोणतें?

तेव्हां आमच्या सूचना अशा : (१) परीक्षेपूर्वीं तीस दिवसांबरोबर ठराविक तासांच्या सरावाची नोंद मागावी. (२) ट्रॅक्टरसाठीं कुंपणाआंतील शेतावर, अनुभवी चालकानें जमिनीवर उभें राहून करविलेला सराव त्यांत धरावा, म्हणजे मडगार्डावर बसण्याचें कारण उरणार नाहीं. (३) रस्त्यावरील सराव दोन बैठकींच्या मोटारीवर व्हावा. (४) ज्या घरीं परवानाधारक नाहीं त्या घरासाठीं शेतकरी संघानें नेमलेल्या शिक्षकाची सही ग्राह्य मानावी.

पहिल्या तीन गोष्टी सरकारनें करावयाच्या आहेत, व त्यांस वेळ लागेल. चौथीची तयारी मात्र आपण आजच करूं शकतों. एखाद्या सभासदाचें मोकळें खाचर, एक ट्रॅक्टर, एक जाणता चालक आणि एक नोंदवही, यापलीकडे कांहीं लागत नाहीं. येत्या साधारण सभेंत हा विषय घ्यावा, आणि कापणीनंतर नोंदवहीचें पहिलें पान उघडावें, अशी सभासदबंधूंस विनंति आहे.