पाच व्होल्ट आणि निदानाची मजुरी

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा तो पिवळा दिवा लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. मग कुणीतरी स्कॅनर लावतं, स्क्रीनवर चार कोड येतात, आणि चार कोड म्हणजे चार पार्ट खराब असा सरळ हिशोब मांडला जातो. या हिशोबाबद्दल आज थोडं लिहायचंय. कारण तो चुकीचा आहे, आणि तो चुकण्यात आपला, म्हणजे गिऱ्हाइकांचाही हात आहे.

आधी थोडं तांत्रिक. (कंटाळू नका, दोनच परिच्छेद!) इंजिनावर जागोजागी सेन्सर असतात. थ्रॉटल किती उघडलाय, मॅनिफोल्डमध्ये दाब किती, एसीच्या गॅसचा दाब किती, वगैरे. यातल्या बऱ्याच सेन्सरना ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, स्वतः मोजून ५ व्होल्ट पुरवतो. यालाच रेफरन्स व्होल्टेज म्हणतात. सेन्सर त्या पाचातला काही हिस्सा परत पाठवतो आणि ईसीयू त्यावरून अंदाज बांधतो. थ्रॉटल साधारण अर्धा उघडा असेल तर अडीच व्होल्टच्या आसपास, असं काहीतरी.

आता गंमत बघा. ही ५ व्होल्टची लाइन प्रत्येक सेन्सरला वेगळी नसते. बहुतेक गाड्यांत अशा दोन-तीन लाइन असतात आणि एकेका लाइनवर अनेक सेन्सर टांगलेले असतात. त्यातला एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा एखादी वायर घासून बॉडीला टेकली, तर अख्खी लाइन बसते. आमच्या यवतमाळच्या भाषेत सांगायचं तर कापूस मोजायच्या काट्यातच खोट आली, की येणाऱ्या प्रत्येक गाडीचं वजन चुकणार. त्यात शेतकऱ्यांचा काय दोष? पण स्कॅनर मात्र प्रत्येक शेतकऱ्याचं नाव घेतो.

मागच्या वर्षी आमच्या काकांच्या गाडीचं हेच झालं. नागपूरहून येताना कळंबच्या अलीकडे दिवा लागला आणि गाडी ओढेचना. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे थ्रॉटल आणि मॅप, दोन्ही सेन्सरचे कोड निघाले, आणि दोन्ही बदला, नाही फरक पडला तर ईसीयू बघू, असा सल्ला मिळाला. काकांनी गाडी उचलली आणि त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे आणली. मी सुट्टीवर होतो, म्हणून बघायला गेलो.

मिस्त्रींनी कोडची यादी बघितली. त्यात पी०६४२ होता, म्हणजे रेफरन्स व्होल्टेज 'ए' कमी. बाकीचे कोड त्यांनी सरळ बाजूला ठेवले. इग्निशन ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन सेन्सरच्या सॉकेटमध्ये. पाच हवेत, तिथे अर्धा व्होल्टही नाही. मग त्यांनी लाइनवरचा एकेक सेन्सर काढायला सुरुवात केली. थ्रॉटल काढला, काही नाही. मॅप काढला, काही नाही. एसीचा प्रेशर सेन्सर काढला, तरी नाही.

"तीनही काढले तरी व्होल्ट येत नाही म्हणजे सेन्सर चांगले हायेत काका. वायर पाहा लागते," मिस्त्री म्हणाले. मग मला उद्देशून, "मशीन फक्त बोंब मारते जी, चोर आपल्यालेच पकडा लागते."

हार्नेस हलवत हलवत ते पुढे गेले. रेडिएटरजवळ वायर हलवली आणि मीटर टुणकन पाचावर. एका पट्टीला घासून वायरचं वेष्टण गेलं होतं. वायर जोडली, वर पाइप चढवला, पुन्हा घासणार नाही अशी बांधली. संपलं.

सॉफ्टवेअरवाल्यांना यात ओळखीचं काही दिसलं का? एकाच वेळी तीन मॉड्यूल पडली तर आपण तीन बग शोधत नाही, तिघांमध्ये कॉमन काय आहे ते शोधतो. मग एकेक गोष्ट काढून बघतो. आपण याला डीबगिंग म्हणतो आणि त्याचा महिन्याला पगार घेतो.

आणि मिस्त्रींना काय मिळतं? खरा मुद्दा इथेच आहे. या कामाला दोन तास लागले. त्यातली वायर जोडायची वीस मिनिटं, बाकी सगळा वेळ शोधण्यात. पण गिऱ्हाईक म्हणतं, "एक वायर तर जोडली, त्याचे एवढे पैसे?" हेच दोन सेन्सर बदलून मोठं बिल हातात दिलं असतं तर मुकाट्याने दिले असते! जिथे पार्टचे पैसे मिळतात आणि डोक्याचे मिळत नाहीत, तिथे पार्टच बदलले जाणार. माझं स्पष्ट मत आहे, की निदानाची मजुरी वेगळी लावावी आणि आपण ती कुरकुर न करता द्यावी.

दुसरी बाजू कंपन्यांची. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, हे त्यातलं मुख्य कारण. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, ही सुरुवात चांगलीच आहे. पण युरोपात २००७ च्या नियमाने स्वतंत्र गॅरेजनाही दुरुस्तीची माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. तसं इथे का नको?

माहिती उघडी केली तर कुणीही एअरबॅगमध्ये हात घालेल, असं काही जण म्हणतात. भीती खोटी नाही. पण नकाशा लपवून माणूस थांबत नाही, तो अंदाजाने हात घालतो. ते जास्त धोक्याचं.

वणी, पुसद, पांढरकवड्यासारख्या गावांत गाडी बंद पडली की माणूस आधी जवळच्या मिस्त्रीकडेच जातो. त्याच्याकडे मीटर आहे, डोकं आहे. वायरिंगचा नकाशा तेवढा हवाय. आणि आपल्याकडून शोधण्याच्या वेळेचे पैसे.

असो. पुढच्या वेळी दिवा लागला तर "कुठला पार्ट गेला?" असं विचारू नका. "पाच व्होल्ट मोजले का?" एवढं विचारून बघा.