नगरच्या ख्रिस्ती मंडळीचा जमाखर्च

सुगी घरात आली की नगर जिल्ह्यातल्या खेडोपाडीच्या चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना होते. वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, कोंबड्या, अंडी मांडली जातात आणि नंतर अंगणात लिलाव पुकारला जातो. एखादे अंडे भलत्याच भावाला जाते, घेणारा ते पुन्हा मंडळीलाच देतो आणि तेच अंडे दुसऱ्यांदा पुकारले जाते. बाहेरच्याला ही गंमत वाटेल. पण ज्यांच्या पणज्यांकडे स्वतःचे म्हणावे असे जवळपास काही नव्हते, त्यांनी देण्याचा मान असा मिरवावा, ही साधी गोष्ट नाही.

कारण या मंडळीची सुरुवात घेण्यापासून झाली. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आले. शाळा, बंगले, मास्तरांचे पगार, बराचसा खर्च अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या वर्गणीवर चाले. महारवाड्या-मांगवाड्यांतून आलेल्या माणसाला मिशन हेच मायबाप झाले. त्या छायेत तो शिकला हे खरे. पण हात पुढे करायची सवयही त्याच छायेत लागली.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना ही सवय सलत होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा मांडला. पाऊल मोठे होते, मात्र पैसा हातात न ठेवणे म्हणजे पैशाचा कारभार जमणे नव्हे. टिळकांच्या उदारपणाची झळ घरात कोणाला बसायची, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

खरा कारभार दुसरीकडे दिसतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले मिशनने सांभाळली. त्यांना नुसते जेवू घालून भागले असते. पण त्यांना हाताचे काम शिकवायचे ठरले, आणि डी. सी. चर्चिल या अभियंत्याने नगरमध्ये सुधारित हातमाग घडवला. १९४७ मध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज उभे केले. त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडी राहिली.

पुढे फादर हर्मन बाखर. हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि नगरच्या अवर्षणग्रस्त गावांत रमले. जर्मनीचा निधी आणि नाबार्डची साथ घेऊन त्यांनी जो इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभारला, त्याची अट सरळ होती: आधी गावाने श्रमदान करायचे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, मग पैसा. काम माथ्यापासून पायथ्याकडे. डोंगरावर समतल चर खणल्याशिवाय खाली बंधाऱ्याचे नाव काढायचे नाही. पैशाच्या व्यवहारात गावची पाणलोट समिती सामील असायची. गावकरी बहुतेक हिंदू. बाखरांना त्याचे काही नव्हते. १९९३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ‘वॉटर’ ही संस्था निघाली. परक्याचा पैसा गावात येऊनही गाव मिंधे होऊ नये, ही टिळकांना न सुटलेली अडचण चर खणणाऱ्यांनी बरीचशी सोडवली.

आता नावडता भाग. मिशनऱ्यांनी शहराबाहेर घेतलेल्या जागा आज महाराष्ट्रभर भर बाजारात आल्या आहेत. त्यांची किंमत कोटींत गेली आणि वाद धर्मादाय आयुक्तांकडे, न्यायालयांत. कुठे विश्वस्तांचे दोन गट, कुठे नाममात्र भाड्याचे जुने करार, कुठे कुलूपबंद बंगला. येशूच्या दाखल्यातल्या त्या चाकराने मालकाची रक्कम चोरली नव्हती, नुसती पुरून ठेवली होती. तरी त्याला बाहेर काढले गेले. आपण तर त्या जमिनीवरून भांडतो आहोत.

तेव्हा प्रत्येक मंडळीच्या विश्वस्तांनी वर्षातून एकदा उपासनेनंतर उभे राहून वाचून दाखवावे: कोणती जागा कोणाकडे, भाडे किती, विकली असेल तर पैसे कशावर खर्च झाले. आणि बाकांवर बसलेल्यांनी ते ऐकूनच घरी जावे.