गुण सारखे, स्थान निराळें

पत्त्यांच्या स्पर्धेंतील अखेरचा अनुक्रम हा निव्वळ खेळाडूच्या कौशल्याचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जेथें स्विस पद्धतीनें जोड्या लावतात, तेथें ती पुरी पडत नाहीं. ही पद्धत मूळची बुद्धिबळांतील. झुरिच येथें १८९५ सालीं ती योजिली गेली. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञानें रचिलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ सालीं निघाला, त्याच्या स्पर्धा याच पद्धतीनें होतात. हरलेला बाद होत नाहीं. प्रत्येक फेरींत शक्य तों सारख्या गुणांच्या खेळाडूंची गांठ घालतात. ६४ जणांनीं एकमेकांशीं खेळावयाचें म्हटल्यास २,०१६ सामने होतील. येथें सहा फेऱ्यांत १९२ सामन्यांवर काम भागतें.

या काटकसरीची किंमत कोण देतो, तें मात्र पाहण्याजोगें आहे. सर्व जोड्या सारख्या गुणांच्याच लागल्या आणि बरोबरी कोठेंच झाली नाहीं, तर सहा फेऱ्यांअंतीं अपराजित एक, पांच विजयांचे सहा आणि चार विजयांचे पंधरा उरतात. पुढील बाद फेऱ्यांत प्रवेश आठांनाच. सात जागा भरल्या. आठवीसाठीं सारख्याच गुणांचे पंधरा उमेदवार!

त्यांचा निवाडा प्रथम प्रतिस्पर्ध्यांच्या यशाच्या प्रमाणावरून होतो. म्हणून पराभव केव्हां झाला, याला महत्त्व येतें. समजा, एकानें पहिले दोन सामने गमावून पुढील चार जिंकले. दुसऱ्यानें पहिले चार जिंकून अखेरचे दोन गमावले. पहिल्याला तिसऱ्या फेरींत भेटला तो आधींच दोनदां हरलेला; या तिसऱ्या पराभवानंतर त्याचे विजय तिहींपलीकडे जाणें शक्य नाहीं. दुसऱ्याला पांचव्या फेरींत भेटला तो अपराजित. त्याच्या पदरीं आतां पांच विजय. अर्थातच पहिल्याचें पारडें बहुधा वर जाऊन हलकें ठरतें. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याचें प्रमाण एक-तृतीयांशाखालीं धरीत नाहींत, एवढाच काय तो दिलासा.

उशिरां हरलेल्यानें बलवानांशीं झुंज दिली, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु पहिल्या फेरींतील जोडी ठरते सोडतीनें! तेथेंच भावी विजेता समोर आला, तर तो एकटा तुमचें प्रमाण वाढवील. पण त्या पराभवामुळें पुढचे प्रतिस्पर्धी खालच्या गटांतून येतात, यांत खेळाडूचा अपराध कोणता?

शिवाय विजयास तीन आणि बरोबरीस एक गुण असल्यानें, जागा निश्चित झालेले दोघे अखेरच्या फेरींत न खेळतांच बरोबरी कबूल करतात. नियमांस तें चालतें. आमिष दाखविणें मात्र निषिद्ध आहे. आम्हांस विचाराल, तर खेळावयास बसून न खेळणें विचित्रच. कांहीं मोठ्या स्पर्धांत ठराविक गुण मिळविणाऱ्या सर्वांनाच दुसऱ्या दिवशीं खेळूं देण्याची रीत पडली, ती आम्हांस अधिक सरळ वाटते.