घरांतील चार शब्द : नोंद पोहोंचली काय ?

आजीबाईंच्या औषधाची नोंद घरांतील तीन-चार भ्रमणध्वनींत एकाच ॲपवर ठेवण्याची चाल हल्लीं पडली आहे. चाल चांगली, परंतु थोरल्या सूनबाईंनीं गोळी देऊन केलेली खूण धाकट्या सूनबाईंच्या फोनांत तत्क्षणीं उमटेलच, असा भरंवसा आमच्या वाचकांनीं धरूं नये.

प्रत्येक ॲपनें पडद्याआड मन मानेल तेव्हां नोंदींची ने-आण केली, तर बॅटरी लवकरच संपेल. म्हणून अँड्रॉइडनें २०१५ सालीं 'डोझ' नांवाची निद्रा आणली. पडदा मिटून, चार्जरवांचून फोन निश्चल पडला, कीं हीं कामें अडवून ठेवलीं जातात व मधून मधून एकदम उरकलीं जातात. २०१८ सालीं जाहीर झालेला 'वर्कमॅनेजर' हा अशा कामांचा कारभारी. नेट असेल तरच, चार्जिंग चालू असेल तरच, अशा अटी तो पाळतो. काम फसल्यास उत्तरोत्तर अधिक थांबून पुन्हां यत्न करतो. मात्र ठराविक अंतरानें करावयाचें काम १५ मिनिटांहून कमी अंतरानें तो पत्करीत नाहीं. आणि हीं १५ मिनिटें म्हणजे किमान मर्यादा, वेळेची हमी नव्हे.

हें सर्व योग्यच आहे. जमाखर्चाची नोंद अर्ध्या तासानें पोहोंचली तरी बिघडत नाहीं. गोळी दोनदां पोटांत गेली तर बिघडतें. सबब, औषधाची खूण फोनांत अवश्य करावी. पण गोळी हातावर ठेवण्यापूर्वीं स्वयंपाकघरांत एक हांक मारून विचारावें, हें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें.