यात्रा की सहल? : कामथडीच्या वाटेवरून काही विचार

सुट्टीच्या दिवशी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या वाहनांची रांग पाहिली की महाराष्ट्रातील माणूस आजही देवाच्या भेटीला किती उत्सुकतेने निघतो याची कल्पना येते. भोर तालुक्यातील कामथडी हे गाव याच महामार्गालगत आहे. त्याच्या परिसरात अल्पशा अंतरात किती श्रद्धास्थाने एकवटली आहेत पाहा. खेड-शिवापूरचा कमरअली दर्वेश यांचा दर्गा, नसरापूरचे पेशवेकालीन बनेश्वर मंदिर, कापूरहोळहून आत वळल्यावर केतकावळे येथील तिरुपतीच्या धर्तीवर उभारलेले बालाजी मंदिर आणि पुढे नारायणपूर. एका दिवसात दोन-तीन ठिकाणी दर्शन, वाटेत जेवण, मुलांसाठी थोडा खेळ आणि संध्याकाळी घरी परत, असा कार्यक्रम अनेक कुटुंबे आखतात.

आपली ख्रिस्ती कुटुंबेही याच रस्त्याने जातात. फरक इतकाच की त्यांपैकी बहुतेकांची गाडी येथे न थांबता कोल्हापूरमार्गे गोव्याकडे धावते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते, तेव्हा पुणे आणि नगर भागातील अनेक कुटुंबांनी हा मार्ग धरला. पाठोपाठ २०२५ हे ज्युबिली वर्ष आले. ‘आशेचे यात्रिक’ हे त्याचे ब्रीद होते. पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी त्याचा प्रारंभ केला आणि त्यांच्या निधनानंतर पोप लिओ चौदावे यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी पवित्र द्वार बंद करून त्याची सांगता केली. द्वार बंद झाले असले तरी एक प्रश्न उघडाच राहिला आहे. या दोन वर्षांत आपण जो प्रवास केला ती यात्रा होती की सहल?

हा प्रश्न आम्ही कोणास दोष देण्यासाठी विचारीत नाही. वर्षभर राबणाऱ्या आईवडिलांनी मुलांना चार दिवस समुद्र दाखवावा, यात गैर काहीच नाही. आनंद हीदेखील देवाचीच देणगी आहे. परंतु अलीकडे प्रवासाच्या जाहिरातींत ‘पाच दिवस, सात चर्च, दोन समुद्रकिनारे’ अशी भाषा सर्रास आढळते. ज्या चर्चमध्ये मिस्सेला बसण्यास वेळ नाही, त्याच चर्चसमोर छायाचित्रासाठी मात्र अर्धा तास मिळतो. लहान मूल हे सारे पाहत असते आणि श्रद्धा म्हणजे काय याचा धडा ते आपल्या शब्दांपेक्षा आपल्या वेळापत्रकातून घेते.

परदेशात ही प्रवृत्ती बरीच पुढे गेली आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात २०१६ साली नोहाचे तारू म्हणून ५१० फूट लांबीची लाकडी वास्तू उभी राहिली. तिकीट काढून कुटुंबेच्या कुटुंबे ती पाहण्यास जातात. फ्लोरिडातील ऑरलँडो शहरात २००१ साली पवित्र भूमीचे दर्शन घडविणारे एक उद्यान सुरू झाले होते. जेरुसलेमचे रस्ते, मंदिर, प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य असे सारे तेथे होते. २०२० साली ते बंद पडले आणि पुढील वर्षी ती जागा एका रुग्णालय संस्थेने विकत घेतली. ज्या स्थळाचा आधार तिकीटविक्री आहे, ते प्रेक्षक ओसरले की बंद होते. हरेगावची मतमाउली किंवा बांद्र्याची मोत मावली यांचे तसे नाही.

येथे कोणी विचारील की, मग प्रतिकृती ही गोष्टच त्याज्य मानावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. उपवासकाळातील दर शुक्रवारी आपण जी क्रूसाची वाट करतो, ती जेरुसलेमच्या वाटेची प्रतिकृतीच आहे. ज्यांना पवित्र भूमीस जाणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी फ्रान्सिस्कन संन्याशांनी तिचा प्रसार केला आणि १७३१ साली पोप क्लेमेंट बारावे यांनी तिची चौदा स्थाने निश्चित केली. आपल्या अनेक चर्चच्या आवारात असलेली लूर्ड्‌सची गुहा हीदेखील प्रतिकृतीच. तथापि या दोन्ही ठिकाणी प्रवेशासाठी तिकीट नाही, गरीब-श्रीमंत एकाच ओळीत गुडघे टेकतात आणि तेथे जाणारा केवळ पाहत नाही, तर प्रार्थना करतो. प्रतिकृती मनुष्याला प्रेक्षक बनविते की यात्रिक, यावर तिची पारख करावयाची.

ख्रिस्तसभेचा कायदाही याच दिशेने बोलतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील १२३० व्या कलमानुसार विशेष भक्तीमुळे भाविक ज्या चर्चला वा पवित्र स्थळाला यात्रेसाठी जातात आणि ज्यास स्थानिक बिशपांची मान्यता आहे, ते तीर्थस्थान होय. भक्ती आधी, स्थळ नंतर, असा हा क्रम आहे. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी तीर्थस्थानांची जबाबदारी नव्या सुवार्ताप्रसाराचे कार्य पाहणाऱ्या विभागाकडे सोपविली, त्यामागेही हीच दृष्टी होती.

आता पुन्हा कामथडीच्या परिसराकडे वळू. येथे ख्रिस्ती कुटुंबाने पाहावे असे काय आहे, असे वाटेल. परंतु नसरापूरच्या बनेश्वर मंदिरात एक घंटा आहे. तिच्यावर क्रूस कोरलेला असून १६८३ हे साल आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या अनेक घंटा मराठा सरदारांनी आणल्या आणि त्या ठिकठिकाणच्या मंदिरांना अर्पण झाल्या. बनेश्वरची घंटा त्यांपैकीच मानली जाते. याच महामार्गाने पुढे गेल्यावर वाईजवळील मेणवलीस नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर अशीच घंटा आहे; तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मारिया दिसते. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे आणि नाशिकची नारोशंकराची घंटा तर मराठी भाषेच्या बोलण्यातच शिरली आहे.

या घंटांकडे कसे पाहावे? आजच्या वातावरणात हा प्रश्न नाजूक आहे, म्हणूनच तो टाळू नये. एखाद्या ख्रिस्ती मुलाच्या मनात प्रथम येईल की ही आपली वस्तू येथे कशी? त्यास अर्धे उत्तर देणे हा अन्याय होईल. पोर्तुगीज अमदानीत वसई-साष्टी भागातील मंदिरे पाडली गेली, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेविषयी कृतज्ञ असतानाच त्या राजसत्तेने धर्माच्या नावाखाली जे केले त्याविषयी खेद बाळगणे, हे दोन्ही एकाच वेळी शक्य आहे आणि आवश्यकही आहे. १७३९ नंतरही वसईची श्रद्धा विझली नाही. त्याच धामधुमीत उद्ध्वस्त झालेले बांद्र्याच्या टेकडीवरील देवमातेचे चर्च १७६१ साली पुन्हा उभे राहिले. वसईत तर १९९८ साली स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. घंटा गेल्या, भाविक राहिले.

आणि घंटांचे तरी काय झाले? त्या वितळवून टाकल्या गेल्या नाहीत. युद्धाची लूट म्हणून आलेल्या असल्या तरी देवळात येणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या जपल्या. वसईत त्या ज्या कामासाठी घडविल्या गेल्या, म्हणजे माणसाला देवापुढे जागे करणे, तेच काम त्या येथे करीत आहेत. ती घंटा परत मिळावी अशी इच्छा धरण्यापेक्षा ती जपणाऱ्या शेजाऱ्यांचे आभार मानणे आम्हास अधिक ख्रिस्ती वाटते. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने इतर धर्मांविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याचा अर्थ मुलांना समजावून सांगण्यास बनेश्वरच्या आवारासारखी दुसरी शाळा नाही.

तेव्हा येत्या सुट्टीसाठी कुटुंबांपुढे आम्ही काही सूचना ठेवीत आहोत. गोव्यास, वेळांकणीस अथवा नाशिकरोडच्या बाळ येशूच्या दर्शनास जाताना एक स्थळ कमी करा, पण निवडलेल्या ठिकाणी मिस्सेत पूर्ण सहभागी व्हा आणि शक्य असल्यास प्रायश्चित्त संस्कार घ्या. निघण्यापूर्वी घरी एकत्र प्रार्थना करा आणि कोणासाठी ही यात्रा आहे हे ठरवा. आजी-आजोबांना चालवत नाही म्हणून मागे ठेवू नका. त्यांच्या चालीने चालणे हाच यात्रेचा निम्मा अर्थ आहे. कर्ज काढून दूरची यात्रा करू नका. ज्याच्या खिशाला गोवा परवडत नाही त्याने सप्टेंबरात हरेगावची वाट धरावी. तेथील भक्ती तसूभरही कमी नाही. साताऱ्याच्या वाटेवर असाल तर नसरापूरला थांबा, पाहुण्याने यजमानाच्या घरी वागावे तसे मंदिराचे नियम पाळा, घंटा डोळे भरून पाहा आणि तिची पूर्ण गोष्ट मुलांना सांगा.

धर्मग्रामांनीही बस ठरवून थांबू नये. प्रत्येक यात्रेपूर्वी एक संध्याकाळ त्या स्थळाच्या इतिहासासाठी द्यावी आणि ज्या कुटुंबांना खर्च झेपत नाही त्यांच्या दोन जागा इतरांनी भराव्यात. तसे झाले तर त्या बसमधून प्रवासी नव्हे, तर यात्रिक उतरतील.

सहलीहून आपण छायाचित्रे घेऊन येतो, यात्रेहून आपण बदलून यावे अशी अपेक्षा असते. घरी परतल्यावर पहिल्या रविवारी आपल्याच चर्चची घंटा वाजेल, तेव्हा आपण वेळेवर पोहोचतो की नाही, एवढ्यावरून आपला प्रवास कोणत्या प्रकारचा होता हे प्रत्येक कुटुंबास कळून येईल.